दुर्बिणीमागचा दुसरा डोळा

दुर्बीण बाळगणाऱ्या मनुष्याच्या आयुष्यात एक काळ असा येतो की, नुसते पाहून त्याचे समाधान होत नाही. पाहिलेले ठेवावेसे वाटू लागते. शनीचे कडे नेत्रिकेत क्षणभर स्थिर होते आणि पुन्हा हवेच्या थरथरीत विरघळते. त्या क्षणाचा साक्षीदार तो एकटाच असतो, आणि सकाळी त्याच्यापाशी सांगण्यापलीकडे काही उरत नाही. मग कॅमेऱ्याचा विचार सुरू होतो. वरवर पाहता हा विचार बाजारातील एका वस्तूच्या निवडीचा आहे: किंमत किती, पिक्सेल किती, बनावट कोणाची. थोडे खोल जाताच मात्र तो निराळाच प्रश्न ठरतो. आकाशातले नेमके काय ठेवावयाचे, कोणासाठी ठेवावयाचे आणि किती काळ, हे ठरल्यावाचून स्वस्त कॅमेरा निवडता येत नाही. महागडा कदाचित निवडता येईल, कारण पैसा असला की पुष्कळ प्रश्न पुढे ढकलता येतात.

तंजावरच्या पश्चिम राजवीथीमागील एका गल्लीत राहणारा असा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. गणिताचे निवृत्त शिक्षक. वय सत्तरीच्या पुढे. पूर्वज भोसल्यांच्या पदरी आलेले. घरात मराठी बोलली जाते, तिच्यात तमिळ शब्द आणि तमिळ वळणे इतकी मुरलेली की पुण्याचा पाहुणा पहिला तासभर नुसता ऐकत राहतो. तीच मराठी ते वहीत लिहितात ती तमिळ अक्षरांत. गच्चीवर १३० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची आणि ६५० मिलिमीटर नाभ्यंतराची न्यूटनी दुर्बीण आहे. पंधरा वर्षे ती त्यांच्या हातात आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले, परंतु त्यानंतर पडद्याच्या मध्यभागाची झीज सुरू झाली. वहीच्या सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या. गुरूकडे रोखून पाहावे तो गुरू नाहीसा होतो. नजर किंचित बाजूला सरकवली की पुन्हा प्रकट होतो.

निरीक्षकांना ही तिरपी नजर अपरिचित नाही. अंधुक तारकागुच्छ पाहताना थेट त्याच्याकडे न बघता जरा बाजूला बघावे, हा त्यांचा जुना नियम आहे. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग बारकावे टिपतो. मंद प्रकाश ओळखणाऱ्या पेशी त्याच्या सभोवती असतात. इतकी वर्षे कौशल्य म्हणून वापरलेली ही नजर आता त्या शिक्षकांवर सक्ती होऊन आली आहे. तिरप्या नजरेला बारकावे दिसत नाहीत. त्यासाठी बिंब पुष्कळ मोठे व्हावे लागते. नेत्रिकेत ते एका मर्यादेपलीकडे मोठे होत नाही. तेव्हा कॅमेरा घेण्याची त्यांची निकड हौसेपेक्षा वेगळी आहे. त्यांना पाहत राहावयाचे आहे.

निवृत्तिवेतनावर उपकरणे जमवणारा मनुष्य तंजावरला नवा नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजी राजांचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. त्यांच्याकडे उरला तो किल्ला आणि त्याचा परिसर, वर्षाला एक लाख पॅगोडांची नेमणूक आणि महसुलातील एक पंचमांश वाटा. राज्य नसलेल्या या राजाने पुढील तीन दशके ग्रंथ, चित्रे, औषधे आणि यंत्रे यांत घालवली. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले ते याच राजाने, आणि पृथ्वीचा भूगोल तमिळ कुरवंजी नाट्याच्या साच्यात घालून ‘देवेंद्र कुरवंजी’ ही मराठी कृती रचली तीही याच राजाने. १८२६ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर तंजावरला आले. त्या भेटीच्या वृत्तान्तात राजाच्या ग्रंथालयाचे वर्णन आहे: युरोपीय भाषांतील पुस्तकांची कपाटे, मराठी व संस्कृत हस्तलिखितांची निराळी कपाटे, आणि शेजारच्या दालनात हवा उपसणारा पंप, विद्युतयंत्र, हस्तिदंती सांगाडा आणि खगोलीय उपकरणे. हीबर तेथून तिरुचिरापल्लीला गेले आणि ३ एप्रिलला तेथेच वारले. त्यांनी पाहिलेल्या शेवटच्या दृश्यांपैकी हे एक आहे.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या दालनातील उपकरणांहून अधिक महत्त्वाची एक वस्तू सरस्वती महालात आहे. राजाच्या देखरेखीखाली नेत्ररोग्यांवर जे उपचार होत, त्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही असत. त्यांपैकी काही रोग्यांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्या त्या डोळ्याची रंगीत चित्रे आहेत. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली. सरफोजी ७ मार्च १८३२ ला निवर्तले होते. कॅमेरा नसताना या माणसाने कॅमेऱ्याचे काम चित्रकाराकडून करून घेतले. त्या चित्रांना मोल आहे ते त्यांच्याजवळच्या लिखित नोंदीमुळे. रोगी कोण आणि त्याला कोणती व्यथा होती हे लिहिलेले नसते, तर ती चित्रे सुंदर राहिली असती, पण मुकी राहिली असती. खगोलीय छायाचित्रणाला पहिल्यांदा हात घालणाऱ्याने सर्वप्रथम शिकावे असे जे आहे, ते या नोंदींत दोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेले आहे.

आता बाजाराकडे वळावे. शिक्षकांनी मनाशी पंचवीस हजार रुपयांची मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेत तीन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग खिशातच असतो. मोबाइल फोन नेत्रिकेसमोर धरून चंद्राचे छायाचित्र घेता येते. फोन नेत्रिकेवर घट्ट बसवणारी पकड थोड्या पैशांत मिळते. चंद्र तेजस्वी असल्याने विवरांच्या सावल्या चांगल्या उमटतात, आणि आरंभ करणाऱ्याने याच मार्गाने आरंभ करावा हे योग्यच. याची अडचण पुढे येते. फोन स्वतःच्या बुद्धीने प्रकाश, रंग आणि रेषा सुधारत असतो, आणि चित्रफीत दाबून लहान करताना बारीक तपशील पुसून टाकतो. जे उमटले त्यात आकाशाचे किती आणि फोनचे किती, हे मागाहून सांगता येत नाही. संपादकाने मजकूर सुधारावा आणि मूळ प्रत फाडून टाकावी, तसा हा प्रकार आहे.

दुसरा मार्ग जुना डीएसएलआर कॅमेरा. चेन्नईला असलेल्या मुलाने आपला वापरातला कॅमेरा पाठवण्याची तयारी दाखवली आहे. म्हणजे खर्च केवळ जोडकड्याचा. या कॅमेऱ्यातील संवेदक सुमारे २२ मिलिमीटर लांब व १५ मिलिमीटर रुंद असतो. ६५० मिलिमीटर नाभ्यंतराच्या दुर्बिणीमागे तो लावला की आकाशाचा सुमारे १.९ अंश लांब व १.३ अंश रुंद तुकडा एकदम उमटतो. पूर्ण चंद्र त्यात सहज मावतो, कृत्तिकांचा मुख्य पुंज मावतो, मृगातील तेजोमेघही मावतो. अंधुक आणि विस्तृत वस्तूंसाठी हाच कॅमेरा योग्य. तथापि तेजोमेघांतील हायड्रोजनचा लाल प्रकाश, ज्याची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर आहे, त्यातील बराचसा या कॅमेऱ्याच्या आतील गाळणी अडवून धरते. पुष्कळ लहान न्यूटनी दुर्बिणींची घडण अशी असते की या कॅमेऱ्याचा संवेदक प्रतिमेच्या पातळीपर्यंत पोचतच नाही. मध्ये बार्लो भिंग घालावे लागते. शिवाय कॅमेऱ्याचे वजन अर्ध्या किलोच्या पुढे. हलक्या नळीचा तोल त्याने जातो.

या मार्गाचा खरा खर्च कॅमेऱ्यात नाहीच. तो दुर्बिणीच्या बैठकीत आहे. पृथ्वी फिरते म्हणून खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. अंधुक वस्तूसाठी अर्धा-अर्धा मिनिट झडप उघडी ठेवावयाची, तर त्या वेळात दुर्बिणीने ताऱ्याबरोबर अचूक फिरले पाहिजे. त्यासाठी मोटर हवी, आणि बैठकीचा अक्ष उत्तर ध्रुवाकडे नेमका रोखलेला हवा. येथे तंजावरचे स्थान आडवे येते. गावाचा अक्षांश १० अंश ४७ कला. ध्रुवताऱ्याची उंची अक्षांशाइतकीच असते, म्हणजे तो क्षितिजावर जेमतेम अकरा अंश. शेजारची एक टाकी किंवा दोन नारळाची झाडे त्याला पुरी झाकतात. अनेक बैठकी युरोपच्या अक्षांशांसाठी घडवलेल्या असतात. त्या इतक्या खाली झुकवल्या की प्रतिभाराचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो.

उत्तरेकडे जे हरवते ते दक्षिणेकडे मिळते, हेही येथेच सांगितले पाहिजे. अगस्त्याचा तारा तंजावरहून सव्वीस अंशांच्या वर चढतो. नरतुरंगातील ओमेगा हा महान गोलाकार गुच्छ बत्तीस अंशांच्या आसपास येतो, पुण्याहून तो चोवीस अंशांवरच राहतो. तमिळ परंपरा ज्याला आपला आद्य वैयाकरण मानते त्या ऋषीचा तारा येथील गच्चीवरून इतका उंच दिसावा, याचे शिक्षकांना नेहमी कौतुक वाटे. मात्र ते कौतुक कॅमेऱ्यात उतरवण्यासाठी लागणारी बैठक पंचवीस हजारांत बसत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे ग्रहांसाठी बनवलेला लहान कॅमेरा. तो नेत्रिकेएवढाच जाड, म्हणजे सव्वा इंचाच्या नळीचा. नेत्रिका काढावी आणि तिच्या जागी तो बसवावा. त्याला स्वतःचा पडदा नाही, साठवण नाही, झडपही नाही. एका तारेने तो संगणकाला जोडावा लागतो, आणि दिसते ते सर्व संगणकाच्या पडद्यावर. यांतील एका प्रचलित संवेदकाचे पिक्सेल २.९ मायक्रॉनचे, रुंदीत सुमारे १९०० व उंचीत सुमारे ११०० असतात. म्हणजे संवेदक ५.६ मिलिमीटर लांब आणि ३.२ मिलिमीटर रुंद, करंगळीच्या नखाहूनही लहान. जाहिराती वाचणाऱ्याला हा कॅमेरा दरिद्री वाटेल: मुलाच्या डीएसएलआरमध्ये एक कोटी ऐंशी लाख पिक्सेल, येथे वीस लाखांच्या आसपास.

परंतु गणिताच्या शिक्षकाने कागद पुढे ओढला की चित्र पालटते. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यावा, त्याला २०६ ने गुणावे आणि दुर्बिणीच्या नाभ्यंतराने, मिलिमीटरमध्ये, भागावे. एका पिक्सेलवर आकाशाच्या किती विकला पडतात ते मिळते. या लहान कॅमेऱ्याला उत्तर येते ०.९२. जानेवारी २०२६ मध्ये गुरू प्रतियुतीत आला तेव्हा त्याचे बिंब सुमारे ४६ विकलांचे होते. म्हणजे ते ५० पिक्सेल रुंद उमटते. डीएसएलआरवर तेच बिंब ३४ पिक्सेलचे, आणि उरलेले कोट्यवधी पिक्सेल काळे आकाश मोजत बसतात. आता तिप्पट करणारे बार्लो भिंग मध्ये घालावे. लहान कॅमेऱ्यावर बिंब १५० पिक्सेलचे होते, आणि १३० मिलिमीटरचा आरसा जितका बारकावा देऊ शकतो, म्हणजे सुमारे ०.९ विकला, तितका त्यात पूर्णपणे सामावतो. नाभ्यंतराला आरशाच्या व्यासाने भागून येणारा अंक पिक्सेलच्या मायक्रॉनांच्या पाचपट असावा, असा एक ठोकताळा आहे. २.९ ची पाचपट साडेचौदा. या दुर्बिणीचा मूळ अंक पाच, बार्लोसह पंधरा. कॅमेरा दुर्बिणीला जुळला पाहिजे. पिक्सेलांची एकूण बेरीज कोणाला जुळत नाही.

न्यूनही सांगितले पाहिजे. याच दुर्बिणीत चंद्राची प्रतिमा सुमारे सहा मिलिमीटरची पडते, ५.६ गुणिले ३.२ च्या संवेदकावर ती मावत नाही, दोन-तीन तुकडे घेऊन जोडावे लागतात. तारकागुच्छांना हे क्षेत्र अपुरे. थंडावा देणारी यंत्रणा नसल्याने उष्ण रात्री संवेदक स्वतःच कुजबुजू लागतो; तापमान सहा-सात अंशांनी वाढले की हा अंतर्गत गोंगाट जवळजवळ दुप्पट होतो, आणि तंजावरच्या एप्रिलमधील रात्री काही शीतल नसतात. परंतु ग्रहांच्या छायाचित्रात प्रत्येक चौकटीचा काळ सेकंदाचा पन्नासावा-शंभरावा भाग असल्याने हा गोंगाट फारसा बाधत नाही. मोटरही अनिवार्य राहत नाही. बार्लोसह गुरू पाऊण मिनिटात क्षेत्राबाहेर जातो, आणि बैठकीच्या तारेची मूठ हळूहळू फिरवीत त्याला आत ठेवता येते. म्हणजे हाताला काम उरते.

येथवर आलेल्या वाचकाला वाटेल की एवढ्या लहान, सदोष चौकटींतून काय हाती लागणार. याचे उत्तर भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला तरी नवे वाटू नये. ग्रहाची एक चौकट म्हणजे हस्तलिखिताची एक प्रत. हवेच्या हालचालीने ती कोठे ताणलेली, कोठे पुसलेली. संवेदकाने स्वतःची अक्षरे मध्येच घातलेली. दोन मिनिटांत सेकंदाला पन्नास या वेगाने अशा सहा हजार प्रती मिळतात. गुरू दहा तासांहून थोड्या कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, म्हणून याहून फार अधिक वेळ घेतला तर मजकूरच बदलतो. मग ‘ऑटोस्टॅकर्ट’सारखी विनामूल्य आज्ञावली या प्रती तपासते, स्वच्छ अशा पाच-सहाशे निवडते आणि एकमेकींवर बसवून त्यांची सरासरी काढते. यदृच्छेने पडलेले दोष एकमेकांना खोडतात. शंभर प्रती एकत्र केल्या तर गोंगाट दहाव्या हिश्श्यावर येतो. एकाही प्रतीत स्पष्ट नसलेली गुरूवरची पट्टी सर्वांच्या एकत्र साक्षीतून वर येते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झाली, आणि दाक्षिणात्य प्रतींच्या पाठांची काही जुळणी याच सरस्वती महालात झाली. त्या कामात जी सावधगिरी पाळावी लागली तीच येथेही लागते. सर्व प्रती एकाच सदोष मूळ प्रतीवरून उतरलेल्या असतील तर कितीही प्रती जमवा, तो दोष जात नाही; उलट एकमताने सिद्ध होतो. संवेदकातील एखादा बिघडलेला पिक्सेल प्रत्येक चौकटीत त्याच जागी चमकतो. त्याला सरासरी उपयोगी नाही. दुर्बिणीचे तोंड झाकून, तितक्याच काळाच्या निव्वळ अंधाराच्या काही चौकटी घ्याव्या लागतात आणि त्या वजा कराव्या लागतात. आपल्या साधनाला काहीच दाखवले नसता ते काय सांगते, हे आधी ऐकून ठेवावयाचे.

आणि शेवटी पुष्पिका. कोणत्याही पोथीच्या अखेरीस लेखक शक, तिथी, स्थळ आणि आपले नाव लिहितो. त्या चार ओळी नसतील तर अभ्यासकाचे आयुष्य पोथीचा काळ ठरवण्यात जाते. ग्रहांच्या कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किंवा विनामूल्य मिळणाऱ्या आज्ञावली ‘एसईआर’ नावाच्या प्रकारात चित्रफीत साठवू शकतात. तिच्या आरंभीच निरीक्षक, कॅमेरा आणि दुर्बीण यांच्या नावांसाठी चाळीस-चाळीस अक्षरांच्या जागा राखलेल्या आहेत, आणि वेळेसाठी वेगळी. ज्योतिर्विदांनी एकेका छायाचित्रासाठी ठरवलेला ‘फिट्स’ हा प्रकार १९८१ पासून प्रचारात आहे. त्याचा मथळा साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, कोणत्याही यंत्रावर उघडता येतो. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांच्या संगणकीय प्रती दीर्घकाळ जपण्यासाठी याच खगोलीय प्रकाराची निवड केली. आकाशासाठी केलेली सोय अखेर पोथ्यांच्या कामी आली.

सरस्वती महालातील मोडी बस्त्यांकडे पाहिले की या गोष्टीचे महत्त्व कळते. तंजावरच्या दरबाराचा रोजचा व्यवहार त्या कागदांत आहे. तमिळ विद्यापीठाने त्यांतील काहींचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले आहे. पण मोडी वाचणारी माणसे गावात बोटांवर मोजण्याइतकीच. कागद टिकला म्हणून मजकूर टिकतोच असे नाही. याच्या उलट उदाहरण त्याच राज्यात डोंगरावर आहे. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून, आकाश निरभ्र असेल त्या दिवशी, सूर्याचे छायाचित्र घेतले जात आले. दुर्बिणी लहान, पद्धत साधी. परंतु प्रत्येक काचेवर दिवस आणि वेळ. म्हणून शंभर वर्षांनंतरही त्या काचा संगणकावर चढवून सौर डागांचा इतिहास त्यांतून वाचता येतो. सूर्याकडे दुर्बीण वळवताना तिच्या तोंडावर योग्य गाळणी घालण्याचे पथ्य न पाळणाऱ्याने मात्र हे उदाहरण गिरवू नये. डोळा आणि कॅमेरा दोन्ही एका क्षणात जातील.

शिक्षकांनी मुलाला कळवले की डीएसएलआर त्याने स्वतःपाशीच ठेवावा. लहान कॅमेरा, तिप्पट बार्लो भिंग आणि लांब तार एवढे मागवले. त्यांची मर्यादा पाळली गेली. मुलाला हे पटले नाही. फुकट मिळणारी मोठी वस्तू सोडून विकत लहान वस्तू घेण्यात कोणता हिशेब, असे त्याने विचारले. त्याला जे उत्तर गेले ते गणिताचे होते: पिक्सेल, नाभ्यंतर, विकला. खरे कारण त्यात नव्हते. डीएसएलआरच्या पाठीवरच्या तीन इंची पडद्यात त्यांना काही दिसले नसते. लहान कॅमेऱ्याचे चित्र संगणकाच्या पडद्यावर वीतभर करता येते, आणि ते घडत असतानाच पाहता येते.

एक शंका मात्र त्यांना बरेच दिवस होती. पडद्यावर पाहणे हे पाहणे आहे काय? नेत्रिकेत गुरूवरून निघालेला प्रकाश स्वतः डोळ्यात शिरतो; पाऊण तासापूर्वी निघालेला तो किरण पडद्यावर आपटून संपतो तो आपल्याच आत. संगणकाच्या पडद्यावरचा प्रकाश खोलीतला असतो. ही शंका क्षुल्लक म्हणून उडवता येत नाही. हस्तलिखित हातात धरणाऱ्याला आणि त्याची छापील प्रत वाचणाऱ्याला एकच अनुभव येतो, असे कोण म्हणेल? परंतु ज्याला हस्तलिखित वाचताच येत नाही त्याच्यापुढे निवड निराळी असते. सरफोजींच्या त्या नेत्ररोग्यांनी आपल्या डोळ्यांची चित्रे पाहिली असतील की नाही, कोणास ठाऊक. ती चित्रे काढली गेली ती पुढच्या वैद्यासाठी.

ईशान्य मोसमी पाऊस संपून आकाश धुतले गेले, तेव्हा पोंगल आठवड्यावर आला होता. गुरू मिथुनेत होता आणि मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर, एकोणऐंशी अंशांवर, हवेचा थर सर्वांत पातळ असतो त्या ठिकाणी. दहावीतली नात संगणक घेऊन खुर्चीवर बसली होती. मूठ आजोबांच्या हातात होती. पहिला तास गुरू सापडण्यातच गेला, कारण एवढ्याशा संवेदकावर ग्रह आणणे हे सुईत दोरा ओवण्यासारखे आहे: आधी नेत्रिकेने क्षेत्राच्या मध्यावर आणावा, मग कॅमेरा बसवावा, आणि नाभी जुळेपर्यंत पडद्यावर नुसता फिकट गोल धूर दिसतो त्याला घाबरू नये. अखेर तो धूर आक्रसत आक्रसत एक थरथरणारे बिंब झाला. नातीने ते मोठे केले. शिक्षकांनी पडद्याच्या डाव्या कडेकडे नजर ठेवली, आणि मधोमध, त्यांच्या तिरप्या नजरेत, दोन करड्या पट्ट्या उभ्या राहिल्या. दोन वर्षांत त्यांनी त्या पाहिल्या नव्हत्या. ते काही बोलले नाहीत. मूठ फिरवायचे राहिले, आणि गुरू पडद्याबाहेर निघून गेला.

पुन्हा शोधला. मग दोन मिनिटांच्या चार चित्रफिती घेतल्या, आणि तोंड झाकून अंधाराची एक. प्रत्येकीआधी यंत्र निरीक्षकाचे नाव विचारी. नातीने पहिल्या खेपेला आजोबांचे नाव घातले. दुसऱ्या खेपेला चाळीस अक्षरांत बसते का ते मोजून शेजारी स्वतःचेही. वहीत तीच नोंद तिने तमिळ अक्षरांतल्या मराठीत उतरवली: दिवस, वेळ, दुर्बीण, बार्लो, हवा कशी होती. आजोबांना ती वाचता आली नाही; त्यांनी ती तिच्याकडून वाचून घेतली, आणि वेळ घड्याळातील आहे की संगणकातील, हेही लिहावयास सांगितले.